फाटकावरची तीन वर्षं

मी पाटी बोलतेय. हो, तीच, ‘घर विकणे आहे’वाली. लोक मला वाचायचे, मग घराकडे बघायचे, मग रस्त्याकडे. माझ्याशी बोलायला कुणाला सवड नसायची. आज तुम्ही थांबलाच आहात, तर ऐका.

मूळची मी घड्याळाच्या दुकानातली फळी. मालकांचं वय झालं, दुकान बंद झालं. त्यांनी मला घरी आणलं आणि स्वतःच्या हातानं माझ्यावर निळी अक्षरं काढली. ती इतकी रेखीव, की दोन दिवस मी तोऱ्यातच होते.

घर विकायचं कारण त्यांची लेक. ती हॉस्पिटलमध्ये नर्स, राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला. इकडे यायचं तर दोन बस बदलायच्या आणि वर पायपीट. थकलेली पोर महिन्यातून एकदा कशीबशी यायची. मालकीणबाईंना एकच ध्यास, हे घर विकून लेकीच्या शेजारी दोन खोल्या घ्यायच्या.

गिऱ्हाइकं यायची. मोठं स्वयंपाकघर, मागचं अंगण, भरपूर उजेड, सगळं पसंत पडायचं. मग प्रश्न यायचा, "बस कुठून मिळते?"

"पंचवीस मिनिटं चालावं लागतं," मालक सांगायचे. "येताना चढ आहे, तीस धरा."

गिऱ्हाईक गेलं की बाई कपाळाला हात लावायच्या. "अहो, दहा मिनिटं म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं तुमचं?"

"अगं, जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली. आता मीच चुकीची वेळ सांगू?"

तीन वर्षांत मालकांनी किंमत चारदा उतरवली. दर वेळी माझ्यावरचा आकडा खोडून नवा लिहायचे. एवढं भक्कम घर आणि हा भाव! मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

मग एक दिवस माणसं आली आणि त्यांनी फाटकासमोर खांब रोवला. लेकीच्या हॉस्पिटलवरून निघणारी नवी बस थेट आमच्या दारात थांबू लागली. आठवड्याभरात फाटकाशी ही गर्दी! नाक मुरडून गेलेलं बँकेतलं जोडपंही परत आलं. भिंती त्याच, गळका नळही तोच, पण म्हणतात कसे, "दुप्पट देतो, आजच ठरवून टाकू."

मालक आत वळून म्हणाले, "ऐकलंस का गं?"

बाई बाहेर आल्या, तेवढ्यात बस थांबली. लेक उतरली, सलग तिसऱ्या दिवशी. चपला काढता काढता म्हणाली, "आई, भूक लागलीय."

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग जोडप्याला म्हणाल्या, "विकायचं होतं ते हिच्यासाठी. आता हीच रोज येतेय, मग विकून आम्ही जायचं कुठं?"

"अजून वाढवून देतो की!"

"नको हो. चहा घेऊन जा."

त्याच संध्याकाळी मला उतरवलं. खरं सांगते, आधी वाईट वाटलं. ज्या कामासाठी टांगलं, ते माझ्या हातून झालंच नाही. पण आत तिघांचं हसणं ऐकलं आणि माझा जीव निवला. तीन वर्षांत भाव सगळ्यांनी विचारला, घर का विकताय हे एकानंही विचारलं नव्हतं.

आता मी थांब्यावरचं बाकडं झालेय. दोन दगडांवर आडवी, अक्षरं खालच्या अंगाला. मालक शेजारी उभे राहून बस नेमकी किती मिनिटं उशिरा आहे ते सगळ्यांना ऐकवतात. तुम्हीही टेका की. फक्त सव्वापाचची बस आली की जरा सरकून बसा. ओट्यावरून बाईंना बसचं दार दिसायला हवं.