मामांचा टिकाऊ ब्रश

दर तीन महिन्यांनी ब्रश बदला म्हणे! दातांच्या डॉक्टरीणबाईंचं हे ज्ञान ऐकून मामांचं डोकंच फिरलं. त्यांचा ब्रश दोन वर्षं ठणठणीत होता. केस चारी दिशांना पांगले होते, एवढंच. मामींनी आणलेला नवा तर त्यांनी पाहुण्यांसाठी कपाटात जपून ठेवला होता.

घरी येताच ते मामींवर गरजले, "ब्रशवाल्यांशी संगनमत असणार त्या बाईचं! म्हणे जुन्या ब्रशात घाण साठते. माझा ब्रश दर रविवारी साबणासारखा घमघमतो!"

मामी भाजी निवडता निवडता थांबल्या.

"अहो, तुम्ही नवा वापरत नाही? त्या जुन्याने मी दर रविवारी मोरीची जाळी घासते."