खाऊन यायचं नाही

गिऱ्हाइकांची पोटं मापण्यात टेलर मास्तरांची हयात गेली. माप देताना कुणी पोट आत ओढलं की ते चारचौघांत सुनावायचे, "सोडा पोट! टेपशी खोटं बोलाल तर शिवण उसवेल." स्वतःचं पोट मात्र महिनाभर दुखत होतं, तेव्हा अळीमिळी गुपचिळी. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून! डॉक्टरांनी पोटाचं सीटी स्कॅन सांगितलं, तेव्हा कुठे बायकोला पत्ता लागला.

तिनं स्कॅन सेंटरला फोन करून सगळं विचारून घेतलं. चार तास आधीपासून खायचं नाही, साधं पाणी चालेल, औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगायची, किडनीचा रिपोर्ट आणायचा, अंगावर धातूचं काही नको. निघताना दारातही तिनं सेंटरवाल्यांच्याच शब्दांत बजावलं, "काही खाऊन यायचं नाही हं."

मास्तर आज्ञाधारक. खाऊन आले नाहीत. ती सेंटरच्या काउंटरवर रिपोर्ट दाखवायला गेली, तेवढ्यात त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि पाव नि दोन उकडलेली अंडी चेपली.

"काही खाल्लंत?" स्कॅनवाल्या बाईंनी येऊन विचारलं.

"खाऊन आलो नाही," मास्तर मिशीतलं पिवळं पुसत म्हणाले. "इथं येऊन खाल्लं."

बाईंनी कपाळावर हात मारला. "काका, शिरेतून औषध देणार आहे मी. आडवे असताना उलटी झाली तर? उद्या या. उपाशी!"

मास्तरांचा चेहरा शाळा सुटल्यासारखा खुलला. तो पाहून बायकोला सगळं कळलं.

"मुद्दाम केलंत."

मास्तर काही बोलणार, तोच तिचं पोट मोठ्यानं गुरगुरलं.

"तू खाल्लं नाहीस?"

"तुम्ही उपाशी, मी कशी गिळू?"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "भ्यालो गं," ते म्हणाले. "आत काही भलतंच निघालं तर?"

"न बघितल्यानं ते पळून जाणार आहे? माप घेतल्याशिवाय कधी कात्री चालवलीत?"

दुसऱ्या दिवशी मास्तर खरोखर उपाशी आले. बायकोला मात्र त्यांनी बळेबळे खायला लावलं होतं. कॉलरमागच्या सुया, खिशातल्या टाचण्या त्यांनी एकेक करून तिच्या हातावर ठेवल्या.

"पोटात गोळा आलाय गं."

"तोच तर बघायचाय," ती म्हणाली. "जा. आणि पोट आत ओढू नका."