पलूसच्या गच्चीवरून देवयानी

लालासाहेब सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन पलूसला आले, तरी लडाखच्या चौकीवरून पाहिलेलं आभाळ काही त्यांच्या डोक्यातून जाईना. त्यांनी दुर्बीण घेतली, तिला कॅमेरा जोडला आणि घराच्या गच्चीवरून देवयानी दीर्घिकेचे फोटो काढू लागले. दोन हिवाळे फोटो बरे आले. यंदा मात्र प्रत्येक चांदणी फुटलेल्या कापसासारखी यायला लागली.

"कॅमेराच बाद झालाय," असं ते सगळ्यांना सांगत.

नोव्हेंबरात एकदा जेवणं झाल्यावर त्यांची बायको विजयमाला चहा घेऊन वर गेली. कॅमेऱ्याच्या पडद्याला नाक टेकवून लालासाहेब फोकस फिरवत होते. ती मागं उभी राहून बघत राहिली.

"आवं, चांदणी टिपक्यागत दिसाय पायजे का भाकरीगत?"

"टिपक्यागत. आता दिसतीया बघ."

"ही भाकरी हाय."

लालासाहेबांनी फोकसची कळ सोडली. तिनं हळूच विचारलं, "कवापासनं दिसंना झालंय?"

"पावसाळ्यापासनं. म्हटलं, कळलं तर तू दुर्बीण काढून घेशील."

"दुर्बीण कशाला? मोटारसायकलची चावी काढून घेतली असती!"

तिनं शाल डोक्यावरून घेतली आणि फोकसची कळ हातात धरली. ते सांगत गेले, ती फिरवत गेली. चांदणी आकसत आकसत सुईच्या टोकाएवढी झाली. मग कॅमेरा दोन तास एकामागून एक फोटो घेत राहिला. चाललं तर गच्ची हादरते, म्हणून दोघं एका सतरंजीवर बसून राहिली. इतक्या वर्षांत न सांगितलेल्या चौकीवरच्या गोष्टी लालासाहेबांनी त्या रात्री सांगितल्या.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर ते सगळे फोटो एकावर एक रचले आणि अंधारातून तिरकी, उजेडाची तबकडी वर आली. लालासाहेबांना ती धूसरच दिसत होती.

"मधी पिवळसर हाय, कडंला निळा धूर," विजयमाला सांगू लागली. "आन् शेजारी बारका डाग हाय. काच पुसली, तरी जाईना."

लालासाहेब हसत सुटले. "डाग न्हाई गं, ती दुसरी दीर्घिका हाय. हिच्या सोबतीला असती."

पुढच्याच आठवड्यात विश्रामबागच्या दवाखान्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर त्यांनी आधी तो फोटो मागितला. बराच वेळ बघत राहिले.

"लय झ्याक काढलायस," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी तो पलटणीतल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. खाली दोन नावं लिहिली, आधी तिचं. लगेच एका जुन्या हवालदाराचा प्रश्न आला, "साहेब, ह्या विजयमाला कोण?"

लालासाहेब उत्तर जुळवत होते, तोवर तिनं फोन घेतला आणि लिहिलं, "फोकसवाली."