आयत्या वेळचा विषय

सार्थकला ऑटिझम आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आमच्या ह्यांनी, म्हणजे रविराजनी, एवढंच विचारलं की हे मत किती जणांचं. डॉक्टर म्हणाल्या, माझं. हे म्हणाले, मग बघू.

खराडीत ह्यांच्या घरच्या शेतावर जी सोसायटी उभी राहिली, तिचे हे पहिल्या दिवसापासून चेअरमन. ह्यांच्या लेखी बहुमत झाल्याशिवाय काहीच खरं नसतं. आमच्या बाथरूमचं छत गळायचं, पण ठराव होईपर्यंत हे त्याला गळती म्हणू देत नव्हते. आम्ही छत्री घेऊन आंघोळ करायचो.

छताचं ठीक होतं, पण सार्थक सहा वर्षांचा झाला होता. थेरपीच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, आई एकटी पुरणार नाही, घरात दोघांनी एकाच पद्धतीनं वागायला हवं, वडिलांना घेऊन या. मी महिनोन्महिने एकटीच जात होते. आणि हे आल्यागेल्याला सांगत होते, पोरगं जरा अबोल आहे, आजोबांवर गेलंय.

वार्षिक सभेत पार्किंग झालं, कबुतरांची जाळी झाली, आणि अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय आले. हे उठले, स्वतःचीच परवानगी घेतली आणि म्हणाले, “आपला सार्थक एकदम नॉर्मल हाय, असा ठराव मी मांडतो.”

कोणी हसलं नाही. मी घाबरले ती त्यामुळे. सेक्रेटरी सुदर्शननी अनुमोदन देऊन चर्चा खुली केली. यामुळे मेंटेनन्स वाढणार का, असं एकाने विचारलं. भाडेकरूंना मत आहे का, यात बराच वेळ गेला. एक बाई म्हणाल्या, आधी नॉर्मलची व्याख्या करा, माझा मुलगा आठवडाभर कोणाशी बोलत नाही आणि हिंजवडीच्या आयटी कंपनीत त्याला बढती देतात. शेवटी ‘इतर सभासदांसारखाच नॉर्मल’ अशी दुरुस्ती आली. नारायण पेठेतून राहायला आलेल्या पद्मजाकाकू म्हणाल्या, “हा मुलावर अन्याय आहे.”

ज्याच्याबद्दल हे चाललं होतं, तो टेबलाखाली बसून पाण्याच्या जारचं झाकण गरगर फिरवत होता. विरोधात कोण, असं विचारल्यावर एकट्या माझा हात वर गेला. पद्मजाकाकू तटस्थ राहिल्या. मला रडू येत होतं आणि ह्यांच्या डोक्यात माइक घालावासाही वाटत होता.

ठराव मंजूर झाला. टाळ्यांसाठी सगळ्यांचे हात पुढे आले आणि हे खुर्चीवरून ताडकन उठले.

“टाळ्या नको. त्याला सोसत नाहीत.”

मग पंखा बंद करायला लावला, त्याची घरघर पोराला टोचते म्हणून. ती फडफडणारी ट्यूबलाइट घालवा. मागून कोणी जवळ जाऊ नका. झाकण काढून घेऊ नका, ते फिरायचं थांबल्याशिवाय तो उठत नाही. यातलं एकही मी ह्यांना सांगितलेलं नव्हतं. ह्यांनी सांगूच दिलं नव्हतं. सगळं ह्यांनी स्वतःच, माझ्यापासून लपवून, बघून ठेवलं होतं.

अर्धवट उजेडात, घाम पुसायचाही विसरून, सभासद न वाजलेल्या टाळ्या हातात धरून बसले होते. पद्मजाकाकूंनी हळू आवाजात विचारलं, “चेअरमन, ठराव कायम ना?”

हे टेबलाखाली शिरले आणि सार्थकपासून हातभर अंतर ठेवून मांडी घालून बसले. माइक हातातच राहिला होता, त्यामुळे पुढचं सगळ्या हॉलला ऐकू आलं.

“तनुजा, त्या मॅडमकडं कधी जायचं असतं? मी येतो.”

सुदर्शननी सवयीनं विचारलं, अनुमोदक कोण?

त्या सभेत मी दुसऱ्यांदा हात वर केला. या वेळी विरोध कोणाचाच नव्हता.