फरक ऐकून दाखवा

त्या रविवारी पैज कोणीही जिंकली असती तरी दुकानदार इसोगाईचा फायदाच होता. तोगाशी जिंकला, तर दंतवैद्य ओरिबे तसलाच हेडफोन नवाकोरा घेणार होता. त्यात दुकानाला तीन लाख येन सुटत होते. तोगाशी हरला, तर त्याचा चौदा लाखांचा हेडफोन इसोगाई सहा लाखांना परत घेणार, पुसूनबिसून काचेच्या कपाटात ठेवणार आणि दहाला विकणार; त्यात चार. शिवाय तमाशा बघायला आलेल्या आम्हा सात-आठ नेहमीच्या गिऱ्हाइकांची कॉफी, ती वेगळी. नाकानोतल्या त्या तिसऱ्या मजल्यावर इतका बिनधोक व्यवहार पूर्वी कधी झाला नसेल.

मार किती पडेल, तेवढं मात्र इसोगाईने धरलं नव्हतं.

तोगाशी म्हणजे विमा कंपनीतून निवृत्त झालेला, इस्त्रीच्या शर्टातला, हळू बोलणारा माणूस. त्याच्या बायकोला, फुमिएला, आईकडून थोडे पैसे आले होते. खरं तर त्यात धाकट्या भावाचा, कात्सुनोरीचाही वाटा होता. पण तो याइझूच्या बंदरावर गोठलेले ट्यूना मासे करवतीवर कापतो, एकटा जीव, त्याने वाटा बहिणीला सोडून दिला. फुमिएला स्टेशनजवळ जेवणाच्या डब्यांचं दुकान टाकायचं होतं. गाळ्याची अनामत म्हणून पैसे बाजूला ठेवले होते. तोगाशीने त्यातले चौदा लाख काढले आणि डोक्यावर घातले. कर्ज काढून किंवा चोरून नव्हे. घरचेच पैसे घरातच आहेत, असं त्याचं म्हणणं.

हे फुटलं सासूच्या वर्षश्राद्धाला, आणि फोडलं त्याने स्वतःच. भटजींचे मंत्र संपले, ताटं आली, साकेचे दोन पेले पोटात गेले आणि तोगाशी रंगात आला. नव्या हेडफोनमधून गाणारीची जीभ दाताला लागलेली कशी ऐकू येते ते सांगू लागला. कात्सुनोरीने साधेपणाने विचारलं, दाजी, केवढ्याला पडली ही जीभ? दाजींनी आकडा सांगितला. फुमिएने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या.

कात्सुनोरीच्या डाव्या हाताचं एक बोट करवतीने अर्धं नेलंय, पण उरलेली साडेचार पुष्कळ झाली. त्याने दाजींची मानगूट धरली आणि तोंड ताटात दाबलं. एकदा, मग पुन्हा. पहिल्यांदा वाटी फुटली, दुसऱ्यांदा भुवई. ताटातली झणझणीत वासाबी डोळ्यांत गेली तसा तोगाशी असा ओरडला की शेजारच्या घरातली कुत्री भुंकायला लागली. भटजींनी आपलं ताट उचललं, एक आसन पलीकडे सरकले आणि जेवण चालू ठेवलं. त्यांना त्या घराची सवय होती.

फुमिए रडली नाही. नवऱ्याची भुवई ओल्या फडक्याने दाबत ती शांतपणे म्हणाली, "हा आणि आठ हजारांचा साधा हेडफोन, दोन्हींतला फरक ऐकून दाखवा. ऐकू आला तर ठेवा. नाही आला तर विका, पैसे मला द्या, आणि यापुढे माझं ऐका."

तोगाशीने लगेच मान हलवली. आपल्या कानांवर त्याचा बायकोपेक्षा जास्त विश्वास होता.

आता, हेडफोनची परीक्षा डोळे बांधून घेणं वाटतं तितकं सोपं नाही. महागडा माल जड असतो. कानाआधी मानच ओळखते. हे कात्सुनोरीच्याही लक्षात आलं होतं. तो याइझूहून गळाला लावायची शिशाची वजनं घेऊन आला आणि आठ हजारवाल्याला चिकटपट्टीने बांधत बसला, दोन्ही काट्यावर सारखे भरेपर्यंत. कानाच्या गाद्यांवर सुती कापड शिवून घेतलं. तोगाशीच्या डोळ्यांवर पंचा बांधला. आणि इसोगाईने, उद्या कोणी लबाडी म्हणू नये म्हणून, आवाजाची कळ एका खुणेवर आणून तिच्यावर लाल पट्टी चिकटवली. दोन्हींना आवाज वाढवणारं यंत्र तेच, तेच गाणं, कळीला कोणी बोट लावायचं नाही. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. इतका न्याय आमच्यात सहसा होत नाही.

इसोगाई एक हेडफोन काढायचा, दुसरा चढवायचा, कधी तोच पुन्हा. तोगाशीने 'महाग' नाहीतर 'स्वस्त' म्हणायचं. बरोबर आलं तर वाटीत गो या पटावरच्या खेळाची काळी सोंगटी, चुकलं तर पांढरी. आणि बाकीच्यांनी तोंडं मिटून बसायचं, म्हणजे त्याला सुगावा लागणार नाही. कात्सुनोरी खुर्चीमागे उभा राहून बोटं मोडत होता. पहिली सोंगटी पांढरी पडली तेव्हा तो नुसता नाकातून हसला. चौथी पांढरी पडली तेव्हा त्याने खुर्चीच्या पाठीला अशी लाथ घातली की तोगाशीची कवळी वाजली. तोगाशीला वाटलं, मेहुणा हरतोय म्हणून चिडलाय. तो आणखी खुलला. 'महाग' म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर असं सुख पसरायचं की बघणाऱ्याला लाज वाटावी.

पंचा सोडला. वाटीत दहा सोंगट्या, दहाही पांढऱ्या.

खालच्या खाणावळीत वाम मासे भाजत होते, त्याचा धूर जिन्यातून वर येत होता. मग ओरिबे हळूच म्हणाला की अंदाजाने ठोकलं असतं तर निम्मे तरी बरोबर आले असते. दहाच्या दहा उलटे यायला कान लागतात.

तोगाशी वाटीकडे बघत राहिला. माणूस विम्यातला, कलम कुठे वाकतं ते त्याला दिसलं. तो बायकोकडे वळला आणि म्हणाला, "अट फरकाची होती. फरक मी दहाही वेळा ऐकला. कोणता महाग ते सांगा, असं तू म्हणाली नव्हतीस. तू स्वतःचंच नीट ऐकलं नाहीस, फुमिए."

"दाजी," कात्सुनोरी म्हणाला, "तुमचे कान सांगतायत की आठ हजारांचा चांगला आहे."

"ते निराळं. मी जिंकलो. तो माझ्याकडेच राहणार."

"तुला ऐकू येतं रे," कात्सुनोरी म्हणाला, "पण तू ऐकत नाहीस."

तेवीस वर्षांत तो तोगाशीला पहिल्यांदाच अरे-तुरे बोलला. मग त्याने उजवा तळवा सपाट करून, ट्यूनाच्या अंगावर मारतात तसा, त्याच्या डाव्या कानावर मारला. आवाज फार मोठा नव्हता. ओल्या कागदी पिशवीवर पाय पडावा, तेवढाच. कानातून रक्ताची बारीक रेघ कॉलरपर्यंत आली.

डासालाही न मारणारा तोगाशी उठला. हाताला लागला तो हेडफोन उचलून त्याने गरकन फिरवला. घाईत त्याने पुन्हा स्वस्तच उचलला होता, आणि त्याच्यावर याइझूचं शिसं होतं. कात्सुनोरीचे वरचे दोन दात मुळासकट सुटून कॉफीच्या पेल्यात पडले. तो रक्त थुंकत पुढे आला, तोगाशीचं डोकं धरलं आणि कपाटाच्या काचेत घातलं. ओरिबे मध्ये उडी मारून गेला. तोगाशीला नव्हे, चौदा लाखांच्या हेडफोनला वाचवायला. कात्सुनोरीचं कोपर नाकावर बसलं आणि नाक गालाकडे वळलं. यंत्र मेजावरून घसरलं, त्याच्या काचेच्या व्हॉल्व्ह-नळ्या फटाफट फुटल्या, आणि एक तरी वाचवावी म्हणून इसोगाईने तापलेली नळी मुठीत धरली. त्याच्या तळहाताचं कातडं तिला चिकटून आलं.

तोपर्यंत कात्सुनोरीने हेडफोनची चांदीची तार तोगाशीच्या गळ्याभोवती दोनदा गुंडाळली होती. तोगाशीच्या टाचा फरशी खरवडत होत्या. तोंड वांग्यासारखं झालं. आम्ही चौघे कात्सुनोरीच्या हाताला लोंबकळलो, पण रोज गोठलेले मासे ओढणारा हात तो, आम्ही कसले गाणी ऐकणारे.

"कात्सु, ऐक," फुमिए म्हणाली.

तो ऐकेना. तिने गॅसवरची किटली उचलली आणि भावाच्या पाठीवर उकळतं पाणी ओतलं. मग ऐकलं.

दुकानात ओरिबेच्या नाकाचा आवाज तेवढा राहिला. काचांमध्ये बसून, जळका तळहात काखेत धरून, इसोगाई पडलेल्या यंत्राकडे बघत होता. लाल पट्टी अजून जागेवर होती. एकाएकी तो हसायला लागला, थांबेचना.

"कळ," तो म्हणाला. "मी कळ बांधली. एकाच खुणेवर. आठ हजारवाला तेवढ्याच कळीला मोठ्याने वाजतो."

आम्ही सगळे खाली बघायला लागलो. मोठा आवाज आपल्याला चांगला आवाज वाटतो, म्हणून तुलना करताना आधी दोन्हींचा आवाज कानाला सारखा लावून घ्या, हे त्या दुकानात नव्या माणसाला पहिल्या कॉफीबरोबर सांगतात. इसोगाईच सांगतो. त्याने न्याय कळीला लावला आणि कान विसरला. तोगाशीने मोठ्याने वाजणारा तेवढा उचलला होता, दहाही वेळा. चौदा लाखांचा चांगला की वाईट, याची परीक्षा झालीच नव्हती.

तोगाशीने गळ्यावरची तार सोडवली आणि मान वाकडी करून उजवा कान पुढे केला.

"काय म्हणालात? या बाजूने बोला."

कानाचा फाटलेला पडदा पुढे भरून आला, पण डाव्या कानाची वरच्या सुरांची पट्टी गेली ती गेलीच. तोगाशी अजूनही तो हेडफोन लावतो. जीभ दाताला लागते ती आता फक्त उजवीकडून, आणि त्याला विचारलं तर म्हणतो, पैसे वसूल. इसोगाईचं यंत्र आणि काच गेली. त्या दिवशी त्याचा एकही महागडा माल खपला नाही. मात्र चौदा लाखांना हरवणारा म्हणून तो आठ हजारवाला आमच्यापैकी प्रत्येकाने पुढच्या महिन्याभरात एकेकटं येऊन नेला. मीही. ओरिबेने नाक सरळ करून घेतलं आणि कात्सुनोरीला नवे दात बसवून दिले. ओळखीचा म्हणून एक येन सोडला नाही, सहा लाख घेतले.

प्रकरण पोलिसांत गेलं नाही. दोन्हींकडच्यांनी बसून मिटवलं: दात मारामारीतले, त्यांची भरपाई नाही; कान मारामारीच्या आधीचा, म्हणून कात्सुनोरीने दाजींना कानाचे नऊ लाख द्यायचे. पाकीट हातात पडलं तसं फुमिएने ते तोगाशीच्या उजव्या कानाशी वाकून मागितलं, आणि त्याने, कधी नव्हे ते, ऐकलं. गाळा तोवर दुसऱ्या कोणी घेतला होता. अनामतीच्या चौदा लाखांतले पाच अजून भरून निघायचेच आहेत.

म्हणजे कानाचे नऊ आणि दातांचे सहा. बहिणीचे पैसे परत मिळवायला आलेल्या कात्सुनोरीने पंधरा लाख भरले, हेडफोनच्या किमतीपेक्षा एक लाख जास्त. आणि त्याने तो एकदाही कानाला लावला नव्हता.