भिंतीवरचे जहाज आणि माझे चोंदलेले तोंड

मी एक जुनी, हातात धरून चालवायची रंगाची स्प्रे गन आहे. मित्रांनो, माझे तोंड चोंदलेले आहे, तेव्हा थोडे तुटक बोलले तर समजून घ्या.

कारखान्यातून निघाले तेव्हा खोक्यात माझ्यासोबत एक पुस्तिका होती. रंग गाळून घ्या, पाणी बेताने घाला, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा, जे रंगवायचे नाही ते झाका आणि काम संपताच मला धुवा. इतकेच मागणे होते माझे. माझ्या मालकाने, रुश्दीने, ती पुस्तिका पहिल्याच दिवशी डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.

तेव्हा तो कुवेतमध्ये रंगारी होता. मुकादमाच्या धाकाने मला रोज धुवायचा, सुई पुसायचा, जुन्या पायमोज्यातून रंग गाळायचा. ते माझे सुखाचे दिवस. मग तो नाईलकाठच्या आपल्या गावी परतला, कालव्याच्या कचेरीत कारकून झाला आणि धाक संपला. मी त्याच्या घराच्या खिडक्या रंगवल्या, कपाटे रंगवली. शेजारी म्हणायचे, "रुश्दीच्या हातात जादू आहे." कौतुक त्याचे आणि सुकलेला रंग माझ्या घशात! प्रत्येक वेळी "उद्या धुतो" म्हणून तो मला कोनाड्यात ठेवायचा. त्याचा उद्या कसा असतो ते मलाच ठाऊक.

यंदा त्याची आई, सत्तूताबाई, हजला गेली. आमच्याकडे माणूस हजला गेला की मागे राहिलेले दर्शनी भिंत रंगवून घेतात आणि तिच्यावर यात्रेचे चित्र काढतात. अय्याद चितारी विमान आणि काबा काढायला बुधवारी येणार होता, आई गुरुवारी. त्याआधी भिंत पांढरी करायची होती.

पण त्या भिंतीवर आधीच एक जहाज होते. पस्तीस वर्षांपूर्वी रुश्दीचे वडील समुद्रमार्गे हजला गेले, तेव्हा सत्तूताबाईने ते स्वतःच्या हाताने काढले होते, कपड्यांच्या निळीने आणि चुलीच्या काजळीने. आता ते वडील नाहीत. निघताना ती बजावून गेली होती, "माझं विमान त्यांच्या शेजारी काढा. जहाजाला हात लावायचा नाही."

मंगळवारी दुपारी रुश्दीने मला काढले. माझा घसा दुखत होता, तरी त्याने खिळ्याने माझे नोझल टोकरले. रंग गाळला नाही. एकाच डब्यात भागावे म्हणून त्यात वारेमाप पाणी ओतले.

त्याची बायको इनशिराह दारात आली. "अहो नादेरचे बाबा, आधी जहाजावर कापड लावा."

"मला शिकवू नकोस. कुवेतचे महाल रंगवलेत मी."

"महाल रंगवले असतील. आईंना जबाब तुम्हालाच द्यायचाय."

"ते जहाज आहे का? गाढवाला शीड लावल्यासारखं दिसतं. अय्यादच्या विमानाशेजारी शोभा होईल आपली."

म्हणजे मनात पाप होतेच. वारा सुटला होता. दुपारी उत्तरेकडून वारा येतो हे आमच्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे, रुश्दीला नाही. त्याने चाप ओढला. मी थुंकले, खोकले, अडले. तो आणखी जोरात दाबत राहिला. अर्धा रंग भिंतीवर, अर्धा अंगणात. तिथे इनशिराहने आंबवलेल्या पिठाच्या कच्च्या भाकऱ्या, भाजण्याआधी फुगायला, उन्हात मांडल्या होत्या.

"आता या भाकऱ्या तुम्हीच खा," ती म्हणाली. "आतून आणि बाहेरून पांढरे व्हाल."

तिने वर पाहिले आणि तिचे तोंड उतरले. जहाजावर पांढरे धुके बसले होते. ओले फडके घेऊन ती धावली, पण ती निळीची रेघ, पुसताच फडक्यात आली. मग रुश्दीने उरलेल्यावरही चाप ओढला. मी काय करणार? चाप त्याच्या बोटाखाली होता. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

गुरुवारी आई आली. ढोल, सरबत, गळाभेटी. अय्यादचे विमान खरोखर देखणे झाले होते, पण तिची नजर त्याच्या शेजारी गेली.

"जहाज कुठंय?"

"उन्हानं उडालं, आई."

तिने भिंतीवर हात फिरवला. पाणचट रंग तिच्या तळव्याला आला. तो तिने रुश्दीसमोर धरला.

"ऊन हाताला लागत नाही, बाळा. बरं, या दारातून इतकी वर्षं गेलास-आलास. सांग, जहाजात माणसं किती होती?"

रुश्दीने भिंतीकडे पाहिले. तिथे नुसता पांढरा रंग.

"दोन. एक तुझे वडील. दुसरा तू. ते निघाले तेव्हा 'मीपण जाणार' म्हणून आठ दिवस रडत होतास. जेवेनास. म्हणून तुलाही त्यांच्या मांडीवर बसवला, तेव्हा कुठं गप्प झालास."

ती आत गेली. रुश्दीने भिंतीच्या त्या कोऱ्या जागेवरून हात फिरवला. शेवटी त्याने मला उचलले, नळाखाली धरले आणि धूत राहिला. पाणी केव्हाच स्वच्छ येत होते, तरी धूत राहिला.

मित्रांनो, माझी सुई बदलता येते, नोझल बाजारात नवे मिळते. माझ्याकडे दुर्लक्ष केलेत तर मी कुरकुरेन आणि चालेन. पण चाप ओढण्यापूर्वी भिंतीवर काय आहे ते एकदा जवळ जाऊन पाहा. पुसले गेले त्याला मी काही करू शकत नाही. मला फक्त झाकता येते.