तेलनाथांचा शेंदरी फिल्टर

दसऱ्याच्या सकाळी चौक गावात जुन्या हायवेवर चांगो मिस्त्रीच्या गॅरेजपुढं एवढी गर्दी उसळली की शेजारच्या ढाब्यावरचे वडे दहाच्या आत संपले. झेंडूच्या माळा घातलेल्या रिक्षा, टेंपो, पिकअप, दोन डंपर आणि मधोमध टायरांच्या चळतीवर मांडी घालून बसलेले तेलनाथ महाराज!

"तेल काळं का होतं?" महाराज गरजले. "पाप! ओव्हरटेकचं पाप, हॉर्नचं पाप, चढणीवर दिलेल्या शिव्यांचं पाप! सगळं इंजिनात उतरतं बाळांनो!"

महाराजांनी पितळी डब्यावर शेंदूर लावलेला फिल्टर बसवला, त्यातून डांबरासारखं जळकं तेल आत ओतलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि खालची तोटी फिरवली. तेल आलं ते मधासारखं पिवळं! लोकांनी 'जय तेलनाथ'चा असा गजर केला की डंपरवाल्यानं हौसेनं हॉर्नच दाबला. आताच ज्याला पाप म्हटलं तोच हॉर्न, पण ते कुणाच्या ध्यानात येणार?

पोपट पहिल्या रांगेत उभा होता. तसा तो येडा माणूस नव्हता. सोळा वर्षं पिकअप चालवत होता, रसायनी गावातल्या एका कंपनीच्या कॅन्टीनला रोज भाजी पोचवत होता. नुसत्या महाराजाच्या शब्दावर तो चहासुद्धा प्यायला नसता. पण महाराजाच्या शेजारी नारळ घेऊन उभा होता चांगो. त्याच चांगोनं त्याला इंजिनाचा आवाज ऐकायला शिकवलं होतं. फिल्टर बसवताना रबराला बोटानं तेल लाव, बसवला की खिळ्यानं त्यावर नाव आन तारीख कोर, नायतर इसरशील, हेही त्यानंच शिकवलेलं. बाकीचे हसायचे, पण पोपट दर वेळी इमानानं कोरायचा.

"चांगो, खरं हाय का रं हे?" त्यानं हळूच विचारलं.

"माझ्या डोळ्यांनी बघितलंय. वरीसभर तेल बदलायला नको. माझा शब्द."

संपलं. पोपटनं शेंदरी फिल्टर घेऊन गाडीला बसवून घेतला. त्यावर लाल धागा बांधलेला होता आणि महाराजांनी दोन पथ्यं सांगितली. वर्षभर फिल्टर खोलायचा नाही आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागला तर घाबरायचं नाही. "तो देवाचा डोळा हाय. हात जोडायचे आन पुढं जायचं."

घरी आरोहीनं कपाळाला हात लावला. पोपटची ही मुलगी आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकत होती. "पप्पा, तेलातली काजळी एवढी बारीक असते की फिल्टरच्या कागदातून निघून जाते. कुठलाच फिल्टर काळं तेल पिवळं करत नाय! तेल काळं झालं म्हंजे त्यानं इंजिन धुतलं. आन लाल दिवा लागला म्हंजे इंजिनाला तेल पोचत नाय, गाडी तिथंच बंद करायची असते."

"दीड वरीस शाळंत गेलीस आन चांगोकाकाला शिकवतेस व्हय गं?"

आरोही बॉनेट उघडायला निघाली. देवाचा धागा तोडला तर घरात अवदसा येईल, अशी पोपटला धास्ती होती, म्हणून त्यानं तिला बॉनेटला हातही लावू दिला नाही.

विसाव्या दिवशी सकाळी रसायनीच्या रस्त्यावर लाल दिवा लागला. पोपटनं स्टिअरिंग सोडून भक्तिभावानं हात जोडले आणि गाडी तशीच दामटली. तीन-चार किलोमीटरवर इंजिन टकटक करायला लागलं. मग लोखंड लोखंडावर घासल्याचा भयंकर आवाज आला आणि गाडी जागच्या जागी बसली. खाली वाकून बघतो तर फिल्टरच्या कडेनं तेल गळून गळून इंजिनाखालचं तेलाचं चेंबर कोरडंठाक! मागं टोमॅटो उन्हात पडले. दुपारी कॅन्टीनवाल्याचा फोन आला, उद्यापासून दुसरी गाडी लावतो म्हणून. घरातलं कमावतं माणूस अंथरुणाला खिळावं, तसा पोपट त्या पिकअपकडे बघत बसला.

ट्रॅक्टरनं ओढून गाडी घरी आणली. आरोहीनं विचारलंच नाही. धागा तोडला, फिल्टर खोलला. रबर वाळून भेगाळलं होतं. करवतीनं डबा कापला तर आतल्या कागदाच्या घड्या तेलाच्या चिखलानं गच्च बसलेल्या.

"पप्पा, हा वीस दिवसांचा फिल्टर नाय. हा जुनाच हाय, वरून धुतलेला."

तिनं फडक्याला थिनर लावून शेंदरी रंग पुसायला घेतला. पत्र्यावर खिळ्याच्या रेघा दिसायला लागल्या. पोपट जवळ आला. अक्षर त्याचंच होतं. 'पोपट, १४ मार्च.'

तो तिथंच मातीत बसला. आपणच मागं चांगोच्या भंगाराच्या पिंपात टाकलेला फिल्टर चांगोनं देवाच्या नावानं परत आपल्याच गळ्यात मारला होता! इंजिनाचं दुःख एका बाजूला राहिलं.

दोघं गॅरेजवर गेले. महाराज दुसरा डबा घेऊन खालापूरच्या बाजूला दुसऱ्या गाड्या पावन करायला गेले होते. सात-आठ ड्रायव्हर मात्र शेंदरी फिल्टर हातात घेऊन ते बसवून घ्यायला थांबलेले. आरोहीनं फळीवरचा पितळी डबा उतरवला आणि त्यात काहीही न ओतता तोटी फिरवली. मधासारखं पिवळं तेल वाहायला लागलं.

"अरे तिच्या!" एक रिक्षावाला ओरडला. "पाप न टाकताच पुण्य आलं!"

तिनं झाकण काढून आत बोट दाखवलं. मधोमध आडवा पत्रा झाळून पक्का बसवलेला होता. वर ओतलेलं काळं तेल वरच राहायचं आणि खालच्या कप्प्यात आधीच नवं तेल भरून ठेवलेलं असायचं.

पोपटनं कापलेला फिल्टर चांगोपुढं ठेवला. चांगोनं नाव वाचलं आणि मान खाली घातली.

"नेमका खराब तुझ्याच गाडीला लागंल असं ठावं नव्हतं रं पोपट."

"म्हंजे दुसऱ्याच्या गाडीला लागला असता तर चाललं असतं?"

चांगो उसळला. "मग काय करू? वरसानुवरसं सांगत होतो, येळेवर चांगला फिल्टर घाला. लोक म्हणायचे, चांगो लुटतो. हलका माल दुसरीकडनं आणायचे. बाबानं शेंदूर फासला तर ह्याच लोकांनी रांगा लावल्या! लोकान्लाच चमत्कार पायजे."

"मला नको होता," पोपट म्हणाला. "मी तर शेंदूर नसतानाबी तुझं ऐकत होतो ना रं, चांगो."

चांगोनं हातातला पाना पुसायला घेतला आणि पुसतच राहिला.

रिक्षावाला आरोहीकडे वळला. "मग आमी वळखायचा कसा गं, चांगला फिल्टर?"

"गाडीच्या पुस्तकात नंबर दिलेला असतो, तोच मागा. पक्कं बिल घ्या. रबर मऊ हाय का दाबून बघा. किलोमीटर लिहून ठेवा आन येळेवर बदला. जुना काढला की कापून बघा आन कापलेलाच भंगारात टाका, म्हंजे कुणी रंगवून परत इकणार नाय."

"पोरगी म्हणते तर खरंच असंल," डंपरवाल्यानं मान डोलावली.

पोपट ताडकन वळला. "नाय! तसं नाय करायचं. चांगो म्हणाला म्हणून मी इश्वास ठेवला आन इंजिन घालवून बसलो. देवाला हात जोडायचे तर देवळात जोडा. गाडीत लाल दिवा लागला तर गाडी थांबवा. आन पोरगी म्हणते म्हणून नको, मी म्हणतो म्हणूनबी नको. तुमच्या फिल्टरवरचा शेंदूर आता हितंच पुसा, आन खाली काय निघतंय ते सोताच्या डोळ्यांनी बघा."